कोरे वछेरे : खरेदी, शिकवण व विक्री

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त मार्गशीर्ष पौर्णिमेपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाड, काठेवाड, पंजाब इकडील जनावरे तेथे येतात. त्यानंतर पंधरवड्याने नांदेड जिल्ह्यातील माळेगावी, खंडोबाच्या यात्रेतही घोड्यांची खरेदी-विक्री होते. शिकविलेला घोडा घेण्याची ऐपत नसलेले काही शेतकरी अशा बाजारातून कोरे, म्हणजे पाठीवर खोगीर न पडलेले, वछेरे घेतात आणि वर्षभर सांभाळून, शिकवून पुढील यात्रेत विकतात. हा जोडधंदा किफायतशीर ठरू शकतो. परंतु त्यात बुडालेलेही पुष्कळ आहेत. देशातील घोड्यांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे सव्वासहा लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. वरात, रपेटीच्या शाळा, माथेरानसारखी थंड हवेची ठिकाणे आणि हौशी धनिक एवढेच गिऱ्हाईक आता उरले आहे व ते चोखंदळ आहे.

बुडण्याचे मुख्य कारण असे की, हाती असलेली सर्व रक्कम खरेदीतच संपविली जाते. अडीचशे किलो वजनाच्या वछेऱ्यास दिवसाकाठी पाच ते सहा किलो कोरडा चारा व चंदी मिळून लागते. वर्षाचा हिशेब सुमारे दोन टनांचा होतो. कडबा घरचा असला तरी तो विकून जे पैसे आले असते, ते खर्चात धरलेच पाहिजेत. शिवाय खुरांची निगा, औषधपाणी आणि चाबुकस्वाराची मजुरी आहेच. म्हणून समजा ९० हजार रुपये जवळ असतील, तर जनावरावर ३० हजारांहून अधिक घालू नयेत. पैसा संपलेला मालक घाईने वछेऱ्यावर स्वार बसवितो, आणि तेथूनच नुकसानीस आरंभ होतो.

वयाची परीक्षा दातांवरून करावी. दुधाचे दात लहान, पांढरे व मुळाशी अरुंद असतात. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला बदलते. व्यापारी तीन वर्षे सांगत असेल आणि तोंडात सर्वच दात दुधाचे असतील, तर वय तेवढे नाही हे निश्चित समजावे. या धंद्यास दोन दाती वछेरा सर्वांत सोयीचा. पुढील मार्गशीर्षात तो चार दाती होऊन स्वारीस योग्य ठरतो. याहून लहान घेतल्यास स्वस्त पडतो खरा, पण एक वर्ष अधिक खातो.

पायांची परीक्षा मात्र सर्वांत सावकाश करावी. वछेऱ्यास कठीण जमिनीवर, म्होरकी सैल धरून, दुडकीने पळवावे. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, धड पाय टेकताना खाली आणतो. गुडघ्याखालील शिरांवरून हात फिरवून कोठे ऊब वा सूज लागते का पाहावे. चारही खूर उचलून पाहावेत. ओठांच्या कोपऱ्यांत जुने व्रण किंवा पाठीवर पांढऱ्या केसांचे डाग आढळल्यास तो वछेरा कोरा नाही. कोणीतरी तो शिकविण्याचा प्रयत्न करून सोडून दिला असण्याचा संभव आहे. तसेच जनावर पहाटे, व्यापाऱ्याने त्यास दमविण्यापूर्वी, एकदा अवश्य पाहावे. ढोलावर नाचणारा वछेरा शहाणा असतो असे नाही.

भोवऱ्यांविषयी बाजारात मोठा विश्वास आहे. अशुभ मानलेल्या भोवरीमुळे उत्तम बांध्याचे जनावरही स्वस्तात मिळते. भोवरीचा बळाशी वा स्वभावाशी काहीही संबंध नाही. पण ज्या समजुतीने ते स्वस्त मिळाले, तीच समजूत विकतानाही आडवी येते. रपेटीची शाळा हे गिऱ्हाईक ठरलेले असेल तरच असा वछेरा घ्यावा. वरातीसाठी किंवा हौशी मालकासाठी घेऊ नये. रंगाबाबत एक गोष्ट मात्र उपयोगी आहे. काळसर वछेऱ्याच्या डोळ्यांभोवती पांढरे केस दिसू लागले असतील आणि त्याची आई किंवा बाप पांढुरका असेल, तर तो वयाबरोबर पांढरा होत जाणार. वरातीच्या गिऱ्हाइकास ही गोष्ट अवश्य दाखवावी.

सौदा होण्यापूर्वी ग्लँडर्स रोगाची रक्ततपासणी झाली आहे की नाही, हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून पडताळून घ्यावे. हा रोग माणसासही होतो, त्यावर लस नाही, आणि रोग निश्चित झालेले जनावर २००९ च्या कायद्यान्वये मारावे लागते. घरी आणल्यावर तीन आठवडे वछेऱ्यास इतर घोड्यांपासून वेगळे बांधावे व धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. बुरसलेला कडबा देऊ नये; घोड्यास ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले वाईट अन्न परत बाहेर पडत नाही. कोंबड्यांचे खाद्य तर चुकूनही देऊ नये. त्यातील काही औषधे घोड्यास प्राणघातक ठरतात.

शिकवणीचे पहिले दोन महिने केवळ खरारा, खूर उचलू देणे आणि म्होरकीने मागे चालणे यांसाठी ठेवावेत. उन्हाळ्यात लांब दोरावर कावा द्यावा, पण प्रत्येक बाजूस दहा मिनिटांहून अधिक नको. लहान वर्तुळात सतत फिरविल्याने कोवळे सांधे बिघडतात. पुढे रिकामे खोगीर सैल तंगाने चढवावे आणि तो निर्धास्त चरू लागेपर्यंत थांबावे. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांपर्यंत चालू असते, म्हणून तीन वर्षे पूर्ण झाल्यावरच हलक्या वजनाचा स्वार, तोही प्रथम केवळ चालीवर, बसवावा. पावसाळ्यात निसरड्या जमिनीवर स्वारी बंद ठेवून दसऱ्यापासून पुन्हा सुरुवात केल्यास यात्रेपूर्वी दोन महिने मिळतात.

विक्रीच्या वेळी वछेरा आधी दमवून ठेवू नये. गिऱ्हाइकासमोरच त्यास दावणीतून सोडावे, खोगीर घालावे, चाबुकस्वाराने बसून दाखवावे व नंतर गिऱ्हाइकास बसू द्यावे. एखादी खोड राहिली असेल तर ती सांगून किंमत ठरवावी. दत्तजयंतीस भाव न आल्यास माळेगावचा बाजार बाकी असतो. तेवढ्या पंधरवड्याचा चारा व वाहतूक यांची रक्कम घरून निघतानाच वेगळी काढून ठेवावी.