रामनगरच्या शिळा : एका दिवसाची भूशास्त्रीय सहल

खडकांचे विलक्षण आकार म्हटले की वाळवंटाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारे २०० किलोमीटरांवर पिवळ्या वाळूत चुनखडीचे हजारो सुळके उभे आहेत. ते पाहण्यासाठी प्रवासी सकाळी बसने निघतात व सायंकाळी परततात. अशीच सहल बंगळूरहूनही करता येते. मात्र येथे वाळवंट नाही; बंगळूरला वर्षाकाठी सुमारे ९० सेंटीमीटर पाऊस पडतो. मग हे आकार घडविले कोणी?

सहलीचा आरंभ शहरातील लालबागेतच करावा. केंपेगौडाचा बुरूज ज्या खडकावर उभा आहे, तो पट्टिताश्म म्हणजे ‘नाइस’ होय. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण अवघा साडेसहा कोटी वर्षांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या वयाची कल्पना येते. खडकावरील फिकट व गडद पट्टे प्रचंड उष्णता व दाब यांची साक्ष देतात.

तेथून म्हैसूरच्या रस्त्याने नैर्ऋत्येस सुमारे ५० किलोमीटर गेल्यावर रामनगर लागते. ब्रिटिश अमदानीत बॅरी क्लोज या अधिकाऱ्याच्या नावावरून या गावाला क्लोजपेट म्हणत. येथील खडकही ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणूनच ओळखला जातो. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाखाली खोलवर शिलारस हळूहळू थिजला व हा खडक तयार झाला. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ या चित्रपटामुळे येथील टेकड्या अनेकांच्या परिचयाच्या आहेत.

वरचे थर झिजून गेले, तसा या खडकावरील भार कमी झाला. तो किंचित प्रसरण पावला आणि त्याला भेगा पडल्या. पृष्ठभागाशी समांतर भेगांमुळे कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे पापुद्रे सुटले व घुमटासारख्या टेकड्या उघड्या पडल्या. जेथे उभ्या व आडव्या भेगा एकमेकींना छेदत होत्या, तेथे खडकाचे चौकोनी ठोकळे झाले. पावसाचे पाणी या भेगांतून झिरपले. त्याने ग्रॅनाइटमधील फेल्स्पार या खनिजाची माती केली. गारगोटीचे कण मात्र तसेच उरले.

ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा मारा तीन बाजूंनी होतो, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट पृष्ठावर एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी कुजतात आणि ठोकळा गोल होत जातो. हे काम बव्हंशी जमिनीखाली चालते. पुढे पावसाने भोवतालची भुसभुशीत माती वाहून नेली, की गोल शिळा एकीवर एक रचल्यासारख्या दिसू लागतात. पर्थजवळ सुळक्यांभोवतीची वाळू वारा उडवितो. येथे शिळांभोवतीची माती पाऊस नेतो.

या शिळांच्या कपारींत जीवसृष्टीही नांदते. रामदेवर बेट्ट या टेकडीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतात गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. हा आसरा टिकावा म्हणून २०१२ साली ही टेकडी गिधाडांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाली. ग्रॅनाइट हा बांधकामाचा उत्तम दगड आहे व घरांना दगड हवा, हेही खरे. परंतु सुरुंगाने फोडलेली शिळा माणसाच्या कोणत्याही मोजमापात पुन्हा घडत नाही. कोणती टेकडी फोडावी व कोणती राखावी, हे ठरविणाऱ्याला तिचा इतिहास वाचता आला पाहिजे.

निरीक्षणासाठी प्रश्न

१. लालबागेतील खडकात पट्टे दिसतात. रामनगरच्या ग्रॅनाइटमध्ये तसे पट्टे दिसतात काय?

२. एकीवर एक असलेल्या दोन शिळांमधील फट मूळच्या कोणत्या भेगेची असावी?

३. सह्याद्रीचे माथे सपाट आणि येथील टेकड्या घुमटाकार का?