सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या लेकराच्या आईला मावशीचे कानमंत्र

पोरी, फिजिओ, स्पीच थेरपी, कॅलिपर यांतच दिवस सरतो आणि कागदपत्रं मागे पडतात. पण उद्या आपण नसताना लेकराचा हक्क याच कागदांवर मिळणार आहे. म्हणून एकेक ऐकून ठेव.

अपंगत्वाच्या दाखल्याच्या दिवशी जसं आहे तसं सांग. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केलास की सरकारी रुग्णालयात तपासणी होते. तिथे आईच्या तोंडून हमखास निघतं, “तसं सगळं करतो हो!” मायेपोटीच निघतं, पण डॉक्टरांना मूल थोडाच वेळ दिसतं, रोजचं तुलाच ठाऊक. शर्टाचं बटण कोण लावतं, घास कोण भरवतं, आधाराशिवाय किती वेळ बसतो, पाणी पिताना ठसका लागतो का, सगळं सांग. वाढवून नको, झाकूनही नको. बहुतेक सवलती ४० टक्के अपंगत्वापासून सुरू होतात, काही ८० टक्क्यांवर वाढतात.

निरामय विमा घेच. राष्ट्रीय न्यासाच्या या योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो, म्हणून प्रत्येक बिल सही-शिक्क्यासह घे आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण कर.

जावईबापूंना दोन गोष्टी सांग. जुनी करप्रणाली निवडली, तर अवलंबून असलेल्या अपंग मुलासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. प्रत्यक्ष खर्च कितीही असो, रक्कम हीच. दुसरं, एरवी अज्ञान मुलाच्या ठेवीचं व्याज आईबापाच्या उत्पन्नात धरतात, असं अपंगत्व असलेल्या मुलाचं धरत नाहीत.

पेन्शनमध्ये नाव आत्ताच लाव. केंद्र सरकारच्या नोकरीत, स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आईबापांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. नोकरीत असतानाच मुलाची नोंद करून पोच घ्या. पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेतही पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असलेल्या अपत्याला वयाची अट नाही. राज्य सरकारची किंवा दुसरी नोकरी असेल, तर आस्थापना विभागात नियम विचारा.

अठरावं लागण्याआधी विचार कर. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने मूल सज्ञान होतं आणि आईबापांची सही आपोआप चालत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. पालकत्वाचा तो दाखला बँकेत चालतो. पण सीपी आहे म्हणजे समज नाही, असं मुळीच नाही. बोलणं अस्पष्ट असलं तरी कितीतरी मुलं आपलं बरं-वाईट नीट जाणतात. अशा मुलाच्या डोक्यावर पालक बसवू नकोस. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात त्याच्याशी विचारविनिमय करून निर्णय घेणाऱ्या मर्यादित पालकत्वाची सोय आहे. हात थरथरून सही जुळत नसेल, तर अंगठ्यावर खातं चालवता येतं.

“दादा बघेल” यावर सोडू नकोस. दादा बघेलही, पण त्याच्या मागे संसार येतो, अडचणी येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून तुम्हा दोघा नवरा-बायकोचंही मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मालमत्ता असेल तर मुलासाठी खासगी ट्रस्ट करून पैसा कशावर आणि कोणी खर्चायचा ते लिहून ठेवा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नकोस. अपंग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचार.

आणि एक फाइल कर. दाखला, आधार, विमा, बिलं, पोचपावत्या सगळं एकत्र. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नकोस, झेरॉक्स दे. सोबत एक पान स्वतःच्या अक्षरात लिही: औषधं कोणती, झटका आला तर काय करायचं, त्याला काय आवडतं, नको असलं की तो कसं सांगतो. ही फाइल कुठे आहे, हे घरातल्या आणखी दोघांना माहीत हवं. या रविवारीच बस, तो समजण्याएवढा असेल तर त्यालाही शेजारी घे.