रद्दीतलं मखर: खर्च किती, वाचतं किती?

२३ मार्च २०१८च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यावर बंदी आली. तेव्हापासून घरोघरी पुठ्ठ्याची मखरं दिसू लागली. ‘टाकाऊतून करायचं म्हणजे फुकटच’ असं मात्र समजू नका. टाकाऊ वस्तू फुकट मिळते. ती चिकटवायला आणि रंगवायला पैसे लागतात.

एक फुटाच्या गणेशमूर्तीसाठी साधारण तीन फूट उंच, अडीच फूट रुंद मखर धरू. पुढचे आकडे ढोबळ आहेत, गावागणिक थोडाफार फरक पडेल.

- मोठी खोकी: ० ते १०० रुपये
- वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, जुनी साडी: घरचीच
- खळीसाठी अर्धा किलो मैदा: २५ ते ३० रुपये
- पांढरा गोंद, अर्धा किलो: १५० ते २०० रुपये
- कागदी चिकटपट्टी, दोन रिळं: ८० ते १२० रुपये
- पांढरा हात आणि रंग: २५० ते ३५० रुपये
- कटर व जादा पाती: ५० ते ८० रुपये
- एलईडी माळ: १०० ते २०० रुपये

एकूण साडेसहाशे ते अकराशे रुपये. कटर, माळ आणि घर रंगवून उरलेला पांढरा रंग हाताशी असेल, तर चारशेच्या आसपास भागतं.

खोकी. फ्रीज किंवा वॉशिंग मशीनचं खोकं सगळ्यात उत्तम. दुकानदार ते रद्दीवाल्याला विकतो, त्यामुळे थोडे पैसे मागितले तर घासाघीस करू नका. ओलसर, दबलेलं खोकं फुकट मिळालं तरी आणू नका. खांब कापताना पुठ्ठ्यातल्या नाल्या उभ्या येतील असं पाहा. आडव्या नाल्यांचा खांब वजनानं बसतो.

चिकटवणं. सगळीकडे गोंद वापरला तर हिशेब बिघडतो. कागदाचे थर खळीनं लावा, गोंद सांध्यांपुरता ठेवा. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद लावला तर तो वाळताना वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना लावा. खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात; ते विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका. पावसाळी हवेत थर वाळायला वेळ लागतो, तेव्हा निदान तीन आठवडे आधी सुरुवात करा.

सजावट. लग्नपत्रिकांवरचं सोनेरी, उठावाचं काम कापून लावलं की सोनेरी रंगाचा खर्च वाचतो. जुन्या साडीचे काठ कमानीला शोभतात. चमकी टाळा. ती लावलेला पुठ्ठा रद्दीवाला सहसा घेत नाही.

सुरक्षितता. मूर्तीचं वजन पुठ्ठ्यावर टाकू नका. ती चौरंगावर ठेवा आणि मखर भोवती उभं करा. समई, निरांजन, उदबत्ती कागद-कापडापासून हातभर लांब हवी. दिव्यांची माळ कागदाखाली चिकटवू नका.

बाजारात याच मापाचं घडीचं तयार मखर हजार-दीड हजारांपासून पुढे मिळतं. म्हणजे पहिल्या वर्षी बचत बेताचीच, शिवाय तीन-चार रविवार जातात. खरी बचत दुसऱ्या वर्षी होते, पण त्यासाठी मखर सुटं व्हायला हवं. भिंती आणि खांब एकमेकांना गोंदानं न जोडता भोकं पाडून सुतळीनं बांधा. विसर्जनानंतर सोडून, कोरड्या चादरीत गुंडाळून कपाटामागे ठेवा. पुढच्या वर्षी रंगाचा एक हात आणि नवे काठ, दीडशे-दोनशेत काम होतं.

हाताशी वेळ आणि ठेवायला जागा असेल तर घरीच करा. दोन्ही नसतील तर पुठ्ठ्याचं तयार मखर घ्या आणि निदान तीन-चार वर्षं तेच वापरा.