डिजिटल मार्केटिंगचे शिक्षण आणि आपली गादी

आमच्या पुतण्याने बारावीनंतर बी.बी.ए.ला जाऊन डिजिटल मार्केटिंग शिकण्याचा हट्ट धरला. भाईजान म्हणाले, "तीन वर्षे फी भरण्यापेक्षा गादीवर बसव, धंदा आपोआप येईल." असा प्रश्न अनेक व्यापारी बंधूंच्या घरात असेल, म्हणून आमचा अनुभव मांडतो.

2022 साली रमजान ईदच्या आधी आम्ही एका माणसाला मोबाईलवरील जाहिरातीचे काम दिले. 'लाईक' भरपूर आले, ऑर्डरी मोजक्याच. जाहिरात कोणत्या गावात, कोणाला दिसली, हे आम्ही विचारलेच नाही. पुढे तो काम सोडून गेला. खाते त्याच्याच नावावर असल्याने गिऱ्हाइकांची यादीही गेली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजी शब्दांना बिचकून आम्ही हिशेब मागितला नाही, ही चूक आमचीच.

काय शिकवतात?

गिऱ्हाईक गुगलवर कोणते शब्द टाकून माल शोधतो, पैसे देऊन जाहिरात कशी करावी, मालाचे फोटो व माहिती कशी द्यावी, जुन्या गिऱ्हाइकाशी संपर्क कसा ठेवावा आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा, हे मुख्य विषय. सोबत हिशेबशास्त्र व कायदा असतो. गिऱ्हाइकाची खासगी माहिती त्याच्या संमतीने वापरण्यासंबंधी संसदेने 2023 साली कायदा केला आहे. नंबर गोळा करून वाटेल तसे संदेश पाठविणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

एक हिशेब

समजा, जाहिरातीवर 2,000 रुपये खर्च झाले. 400 जणांनी ती उघडून पाहिली, 8 जणांनी साडी घेतली. म्हणजे एक गिऱ्हाईक 250 रुपयांना पडले. साडीमागे नफा 180 रुपये असेल, तर प्रत्येक साडीला 70 रुपये तोटा. आता त्यांपैकी 4 जणांनी जाहिरातीशिवाय पुन्हा एकेक साडी घेतली, तर 12 साड्यांचा नफा 2,160 रुपये होतो आणि 160 रुपये शिल्लक राहतात. परत आलेल्या पार्सलचे भाडे मात्र यातून वजा करावे लागेल. आपले वडील उधारीच्या वहीत हेच पाहत असत: कोण पुन्हा येतो, कोण येत नाही.

विद्यापीठ कशाला?

दोन महिन्यांच्या क्लासात बटणे शिकवतात, आणि बटणे बदलतात. गुगलची जाहिरात सेवा 2000 साली 'ॲडवर्ड्स' नावाने सुरू झाली, 2018 साली नाव बदलून 'गुगल ॲड्स' झाले. 'गुगल ॲनालिटिक्स'ची जुनी पद्धत जुलै 2023 मध्ये बंद होऊन नवी आली. ज्याने केवळ बटणे पाठ केली, त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. ज्याला वरचा हिशेब कळला होता, त्याचे काम फारसे अडले नाही.

प्रवेशापूर्वी

1. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल, तर त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे फी भरण्यापूर्वी पाहावे.
2. खर्च परवडत नसेल, तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर 2017 पासून अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी लागते.
3. 2020 च्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे. आपल्या कॉलेजात ती लागू आहे का, हे विचारून घ्यावे.
4. मुलाने कॉलेजचा प्रकल्प आपल्याच दुकानावर करावा. खाते व पासवर्ड दुकानाच्या नावाने ठेवावेत.
5. इंग्रजी शब्दांची वही करून समोर उर्दू किंवा मराठी अर्थ लिहावा. ही वही वडिलांनीही वाचावी.

आमचा पुतण्या सकाळी कॉलेजात जातो, संध्याकाळी गादीवर बसतो. कापडाचा पोत आणि रंगाचा पक्केपणा त्याला भाईजान शिकवतात. दर शुक्रवारी रात्री तो जाहिरातीचा हिशेब मांडतो आणि भाईजान चष्मा लावून एकेक रकमेचा जाब विचारतात. फी वाया गेली, असे ते आता म्हणत नाहीत.