देहाचा हक्क

‘आम्ही पाच वेळा नमाज अदा करतो; मग वेगळ्या व्यायामाची आम्हांस काय गरज?’ हा प्रश्न मशिदीत वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर प्रेषितांच्या जीवनचरित्रातच सापडते.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दररोज रोजा ठेवीत व रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. हे कळताच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले की, माणसावर त्याच्या शरीराचाही हक्क असतो. हा प्रसंग सहीह बुखारीत आला आहे. तेथे विषय झोपेचा व अन्नाचा होता. आज हाच हक्क आपण बसून राहण्याने बुडवीत आहोत.

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. मात्र चालक मुळातच अधिक स्थूल होते, हेही मॉरिस यांनीच पुढे दाखविले. म्हणून नंतरच्या संशोधकांनी प्रत्यक्ष दमच मोजला. अमेरिकेतील डॅलस येथे तेरा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांना फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा दम सर्वांत कमी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक होते. आणि त्यांच्याहून एकच पायरी वर असलेल्यांत ते लक्षणीयरीत्या घटलेले दिसले. अर्थात लाभासाठी पहिलवान होण्याची गरज नाही.

याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. श्रम करणारे स्नायू रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतात व इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. सराव झालेले हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते, रक्तदाबही उतरतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील अमेरिकन प्रौढांवरील प्रयोगात वजन घटविणे आणि आठवड्यास १५० मिनिटांचे श्रम यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, हे २००२ मध्ये सिद्ध झाले.

रुकू व सजद्याने सांधे हलतात हे खरे. परंतु नमाजचा प्राण स्थिरता व एकाग्रता आहे. तिच्यात धाप लागत नाही आणि लागूही नये. नमाज ही इबादत आहे. तिला व्यायामाचा पर्याय ठरविल्याने नमाजचाही मान राखला जात नाही व देहाचा हक्कही फिटत नाही.

मशिदीकडे पायी टाकलेल्या प्रत्येक पावलाचे पुण्य हदीसमध्ये सांगितले आहे; तरी आपण पाच मिनिटांच्या वाटेसाठी दुचाकी काढतो! नमाजला धावत न येता शांतपणे यावे, ही शिकवण आहे. म्हणून जाताना सावकाश जावे आणि फज्रनंतर अर्धा तास झपझप चालावे. आठवड्यातून पाच दिवस असे केल्यास १५० मिनिटे भरतात. छातीत दुखणाऱ्यांनी अथवा मधुमेहावर औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

देह ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळण्याची सद्बुद्धी तो आपणां सर्वांस देवो. आमीन.