वाळवीचं औषध मारायला माणूस बोलावताना

मैत्रिणींनो, दाराच्या चौकटीवर मातीच्या रेघा दिसल्या की वाळवी लागली समजा. मग कुणी पंप घेऊन येतो आणि स्वस्तात घर करून देतो म्हणतो. औषध म्हणजे विषच. घरात लेकरं, पीठ, पाणी असतं. म्हणून आधी एवढं विचारा :

१) परवाना : कीटकनाशक कायदा, १९६८ प्रमाणे पैसे घेऊन फवारणी करणाऱ्याला परवाना लागतो. तो डोळ्यांनी बघा.

२) बाटली : सीलबंद हवी, तुमच्यासमोर फोडायला सांगा. लेबलावर लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल. त्याखाली पिवळा, निळा, हिरवा. हिरवंही विषच! शेतातलं उरलेलं औषध घरात नको.

३) पद्धत : वाळवीचं वारूळ जमिनीत असतं. नुसती भिंत ओली करून ती जात नाही. भिंत आणि फरशी जुळते तिथे फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडावं लागतं. जवळ विहीर, बोअर असेल तर आधीच सांगा.

४) धान्याच्या गोळ्या : "या पण ठेवा" म्हणाला तर घेऊ नका. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात.

५) पावती : औषधाचं नाव, तारीख आणि हमी लिहून घ्या. कुणाला त्रास झालाच, तर डॉक्टर आधी औषधाचं नाव विचारतात.

चार घरांनी मिळून बोलावलं तर भावही करता येतो.

बैठकीत विचारा : आपल्या घरात शेवटी कोणतं औषध मारलं, त्याचं नाव कितीजणींना सांगता येतं?