गाडीचं पोट कसं वाचवायचं? : घर्षण, झीज आणि बदलता येणारं कवच



आजचा पाठ रिमोटच्या गाडीवर आहे. हल्ली गावोगावच्या बाजारात आणि यात्रेत रिमोटवर चालणारी, मोठ्या चाकांची गाडी मिळते. पोरं ती अंगणात, शेताच्या धुऱ्यावर, मुरमाच्या ढिगावर पळवतात. आठ दिवसांत गाडी बंद पडते आणि घरात रागावणं होतं, "पैसे पाण्यात गेले!" दुसऱ्या घरात याच्या उलट असतं. गाडी खराब होईल म्हणून ती टीव्हीच्या वर ठेवलेली, पोराला हातही लावू देत नाहीत. दोन्हीकडे मुलाचं शिकणं थांबतं. गाडी मातीत चालावी आणि टिकावीही, यासाठी काय करता येईल, या प्रश्नातून घर्षण, काठिण्य, वजन, प्रमाण आणि शेकडेवारी एवढं सगळं शिकवता येतं.

इयत्ता : ५ वी ते ७ वी
विषय : सामान्य विज्ञान (बल व बलाचे प्रकार), गणित, कार्यानुभव
वेळ : ३ तासिका
अध्ययन निष्पत्ती : विद्यार्थी घर्षणाचे फायदे-तोटे उदाहरणांसह सांगतो. एक गोष्ट बदलून बाकी सारख्या ठेवून प्रयोग करतो. घनफळ व घनता वापरून वस्तुमान काढतो. परिसरातील अवजारांत तेच तत्त्व ओळखतो.

१) आधी गाडी उलटी करा

मुलांना गाडी नेहमी वरून दाखवतो आपण. यावेळी उलटी ठेवा आणि विचारा, "सर्वात जास्त ओरखडे कुठे आहेत?" मुलं बरोबर बोट ठेवतात : पुढच्या चाकांमधला उताराचा भाग आणि मागच्या टोकाच्या कडा. कारण सोपं आहे. उंचवट्यावर चढताना पुढचा भाग आधी आपटतो. उडी मारून खाली येताना स्प्रिंग दबतात आणि पोट जमिनीला टेकतं. पुढची चाकं खडे मागे फेकतात, तेही पोटावरच बसतात.

ज्या तळावर मोटर, बॅटरी, चाकांचे दांडे सगळं बसवलेलं असतं, त्याला चासी म्हणतात. म्हणजे गाडीचा पाठीचा कणा आणि पोट एकाच ठिकाणी! बाजारातल्या खेळण्यात ती प्लॅस्टिकची असते. शर्यतीच्या गाड्यांत कार्बन फायबरची किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्याची असते. मोठ्या शर्यतीच्या गाड्यांत ७०७५ या नावाची, जस्त मिसळलेली मजबूत मिश्रधातू वापरतात. तरीही ती झिजते.

या छंदाला बरीच वर्षं झाली आहेत. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या वाळूत-मातीत चालणाऱ्या रिमोट गाड्या आणल्या. १९८५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे १/१० मापाच्या अशा गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

हे १/१० माप गणितात घ्या. ४० सेंमी लांबीची गाडी म्हणजे ४ मीटरच्या खऱ्या गाडीची छोटी प्रत. मग २ सेंमीचा खडा त्या गाडीसाठी केवढा? २० सेंमीचा धोंडा! आपल्याला जो खडा वाटतो, तो गाडीला दगड असतो. हे एकदा कळलं की पोरं स्वतःच रस्ता बघून गाडी चालवतात.

२) आपली माती काय करते?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बहुतेक भागात बेसाल्ट खडकापासून झालेली काळी कपाशीची माती आहे. उन्हाळ्यात ती कडक होते, भेगा पडतात, ढेकळं होतात. पाणी पडलं की फुगते आणि चिकटते. बरड जमिनीवर मुरूम. नदीच्या पात्रात वाळू. तिन्हींचा त्रास वेगळा.

ढेकूळ आणि मुरूम गाडीच्या पोटावर आपटतात. वाळू खरडते. ओली काळी माती चिकटते, वजन वाढवते आणि चाकांच्या दांड्यांत अडकते.

वाळू का खरडते, हे सांगताना मोह्स यांची काठिण्य श्रेणी वापरा. फ्रेडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये खनिजांना १ ते १० असे क्रमांक दिले. जो पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो जास्त कठीण. वाळूतलं क्वार्ट्झ ७ क्रमांकावर आहे. आपलं नख साधारण २.५ वर आणि अ‍ॅल्युमिनियम ३ च्या आसपास. मग वाळूपुढे अ‍ॅल्युमिनियम हरणारच.

इथे एक हुशार मूल विचारतं, "मग प्लॅस्टिक तर अजून मऊ. ते कसं वाचवणार?" या प्रश्नाला वेळ द्या. कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. काच कठीण आहे, पण पडली की फुटते. चप्पल मऊ आहे, पण वर्षभर मुरमावर चालते. चिवट वस्तू दबते, धक्का पसरवते आणि पुन्हा सरळ होते.

३) प्रयोग : खडूचं कवच

गाडी सगळ्यांकडे नसते. खडू मात्र प्रत्येक वर्गात असतो. म्हणून प्रयोग खडूवर करा.

साहित्य : सारख्या लांबीचे ३ खडू, चिकटटेप, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, पॉलिश पेपर, पट्टी.

कृती :
- पहिला खडू तसाच ठेवा. दुसऱ्याच्या टोकाला टेप लावा. तिसऱ्याच्या टोकाला ट्यूबचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा.
- प्रत्येक खडू उभा धरून पॉलिश पेपरवर १० सेंमी अंतरात २० वेळा घासा. घासणारा मुलगा किंवा मुलगी एकच ठेवा, पेपरची जागा प्रत्येक वेळी नवी घ्या.
- आवरण काढून खडूची लांबी मोजा. आधीची लांबी वजा नंतरची लांबी म्हणजे झीज.
- तिन्ही झिजा तक्त्यात लिहा, मग स्तंभालेख काढा.

आमच्या वर्गात टेपच्या खडूवर एक जण ओरडला, "मॅडम, टेप तं फाटला न!" हाच क्षण पाठाचा गाभा आहे. टेप फाटला, पण खडू वाचला. टेपचं कामच ते. स्वस्त आणि सहज बदलता येणारी वस्तू आधी झिजू द्यायची आणि महागाची वस्तू वाचवायची. शर्यतीच्या गाडीच्या पोटावर लावतात ती पारदर्शक चिकट फिल्म हेच करते. ती खराब झाली की काढून नवी लावतात.

४) हे तर आपल्या बापजाद्यांना ठाऊक होतं

आता मुलांना घरच्या अवजारांकडे वळवा. बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशाला? लाकूड झिजू नये म्हणून. लोहार धाव तापवून चढवतो. गार झाल्यावर ती आकसते आणि चाक आवळून धरते. वखराला खाली लोखंडी पास असते, नांगराला फाळ असतो. ते झिजले की लोहाराकडून पाजवून आणतात किंवा बदलतात, अवजार तेच राहतं. बैलाच्या खुराला नाल ठोकतात. झिजणारा भाग वेगळा, काढता-घालता येईल असा ठेवायचा, हे तत्त्व सगळीकडे एकच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ६ वी ते ८ वीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. त्यातला एक दिवस गावातल्या लोहारदादांकडे न्या. मुलांनी एकच प्रश्न विचारायचा : "दादा, यातला कोणता भाग झिजायला ठेवलाय?"

मोठ्या गाड्यांचंही उदाहरण आहे. बाजा एसएई इंडिया या स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी खडबडीत रस्त्यावर चालणारी एका माणसाची गाडी स्वतः बनवतात. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला २००७ पासून ही स्पर्धा सुरू झाली. त्या गाडीत चालकाच्या बसायच्या जागेखाली पूर्ण तळपत्रा असावाच लागतो. तिथे कवच गाडीसोबत माणसाचे पायही वाचवतं.

५) जाड कवच म्हणजे चांगलं कवच का?

मुलं लगेच म्हणतात, "मग लोखंडाचाच पत्रा लावू!" लावू, पण आधी हिशेब करू.

समजा कवच ३० सेंमी लांब, १० सेंमी रुंद, १ मिमी म्हणजे ०.१ सेंमी जाड.
घनफळ = ३० × १० × ०.१ = ३० घनसेंमी
वस्तुमान = घनफळ × घनता

- तेलाच्या कॅनचं प्लॅस्टिक (घनता ०.९५) : २८.५ ग्रॅम
- अ‍ॅल्युमिनियम (२.७) : ८१ ग्रॅम
- पोलाद (७.८) : २३४ ग्रॅम

गाडी ५०० ग्रॅमची असेल तर प्लॅस्टिकने वजन ५.७ टक्के वाढलं, अ‍ॅल्युमिनियमने १६.२ टक्के आणि पोलादाने ४६.८ टक्के. म्हणजे जवळजवळ अर्धी गाडी पाठीवर! मोटर तापेल, बॅटरी लवकर उतरेल, आणि जड गाडी आपटेलही जोरात. कवच फार जाड केलं तर पोट आणि जमीन यांतलं अंतर कमी होतं आणि गाडी आधी अडकत नव्हती तिथे अडकते. वाचवायला लावलेलं कवचच त्रास देऊ लागतं. किती पुरे, हे ठरवणं म्हणजेच अभियांत्रिकी.

६) घरी कवच कसं लावायचं? (पालकांसाठी)

१. बॅटरी काढा. माती ओली असेल तर आधी वाळू द्या, मग जुन्या दातघासणीच्या ब्रशने झाडा. पाण्याने धुवू नका. काळी माती पाण्याने अजून चिकटते आणि आतलं सर्किट खराब होतं.
२. तळ सॅनिटायझरच्या फडक्याने पुसून कोरडा करा. तेलकट जागेवर काहीच चिकटत नाही.
३. कागदावर तळाचा आकार गिरवा. त्यावरून तेलाच्या स्वच्छ कॅनचं प्लॅस्टिक कापा. कापण्याचं काम मोठ्यांनी करावं.
४. कोपरे गोल कापा. टोकदार कोपऱ्यात माती शिरते आणि तिथूनच कवच उचकतं.
५. स्क्रू आणि बॅटरीचं झाकण यांच्या जागा मोकळ्या सोडा. स्क्रूची डोकी झिजली तर पुढे गाडी उघडताच येत नाही. म्हणून स्क्रू तळापेक्षा वर आलेले नाहीत ना, तेही पाहा.
६. दुहेरी चिकटपट्टीने लावा. पुढची कड आधी दाबा, कारण धक्का तिथेच बसतो.
७. दर आठवड्याला उलटी करून बघा. झिजलं असेल तर बदला.

एक महत्त्वाची सूचना : काही महागड्या गाड्यांत लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. तिचं आवरण मऊ असतं. खालून दगड लागून ती चेपली, फुगली किंवा तिला भोक पडलं तर आग लागू शकते. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नका आणि मुलांच्या हातात देऊ नका. चार्जिंगच्या वेळी मोठं माणूस जवळ हवंच. गाडीच्या पोटाची काळजी घेण्याचं हे सर्वात मोठं कारण आहे.

७) स्वाध्याय

- घरातल्या अशा ५ वस्तू शोधा, ज्यात एक भाग झिजण्यासाठीच ठेवला आहे. (सुरुवात सायकलच्या ब्रेकपासून करा.)
- तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची चाकं तपासा. कुठे झिजली? त्यांना कशाची धाव लावता येईल?
- रिमोटची गाडी १० मीटर अंतर ४ सेकंदांत जाते. वेग काढा. (उत्तर : २.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ९ किमी.) कवच लावून पुन्हा मोजा. फरक का पडला?

मूल्यमापन करताना कुणाकडे गाडी आहे आणि कुणाकडे नाही, यावर गुण जाऊ देऊ नका. खडू आणि लाकडी बैल यावर संपूर्ण पाठ होतो. गटात एकच गाडी असेल तर चालवणारा, वेळ मोजणारा, नोंद करणारा आणि दुरुस्त करणारा अशी कामं फिरवत राहा. मुलींच्या हातात स्क्रूड्रायव्हर आवर्जून द्या. अनेक घरांत तो त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

पालकहो, मुलाने गाडीवर ओरखडे आणले तर रागावण्याआधी ती उलटी करून सोबत बसा. ओरखडा कुठून आला, हे तो तुम्हाला सांगू शकला तर गाडीचे पैसे वसूल झाले समजा. कपाटात ठेवलेली गाडी टिकते, पण ती काही शिकवत नाही.

शिक्षक मित्रांनो, हा पाठ वर्गात घेऊन पाहा. तुमच्या भागात माती वेगळी असेल, अवजारांची नावंही वेगळी असतील. ती नावं मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्या.